चार सेकंद जास्त

मित्रांनो, किती वाजले असं मला विचारू नका. ते भिंतीवरच्या घड्याळाचं काम. बटण दाबल्यापासून किती वेळ गेला एवढंच मला सांगता येतं, त्यापलीकडे मी ठार अडाणी आहे. मी म्हणजे एका लहानशा रेडिओ केंद्रातलं स्टॉपवॉच. आता म्हातारा झालोय, काचेला तडा गेलाय, आणि माझ्या गोष्टीत हसण्यासारखं फार थोडं आहे. तरी सांगतो, कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही.

एका लांबलचक कारखान्यात, खिडकीच्या उजेडात बसलेल्या बायकांनी बारीक चिमट्यांनी माझी चाकं बसवली. मग आठवडाभर मला उलटंसुलटं टांगून तपासलं. अर्ध्या सेकंदाचीही चूक निघाली नाही. तेव्हापासून मी थोडा गर्विष्ठ झालो, हे कबूल करतो. माझ्याबरोबरची भावंडं शर्यतींच्या मैदानांवर गेली. आपणही पळणाऱ्या पायांच्या मागे लागणार, टाळ्या ऐकणार, असं मला वाटत होतं. माझ्या नशिबी निघाली बोलणारी तोंडं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत केंद्रप्रमुख साहेबांचं टेबल, फायलींचं कपाट आणि पाण्याचं पिंप. आतली खोली ध्वनिमुद्रणाची, मधोमध काच लावलेली: एकीकडे मायक्रोफोन, दुसरीकडे यंत्र. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या भिंतींना जाड रजया ठोकल्या होत्या. टेबलावर कापड होतं, कागदाची सळसळ मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून. पंखा होता, पण तो घरघरायचा, त्यामुळे बोलताना तो बंद. उन्हाळ्यात निवेदिकाबाई घामाने निथळत अगदी थंड आवाजात बोलायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, झाडाखाली बसल्यात.

मी राहायचो या बाईंच्या गळ्यात, एका काळ्या दोरीला. त्या जेवायला गेल्या की मीही जेवायला, त्या बाजारात गेल्या की मीही बाजारात. आमच्या केंद्राचं मुख्य काम होतं एका मिनिटाचे संदेश. शेतीचे आणि आरोग्याचे. रोप किती अंतरावर लावावं, जनावराच्या खुराला जखम झाली तर काय करावं, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजावं. शेतीचे संदेश लिहायचे शेतकी अधिकारी, आणि आरोग्याचे लिहायच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. सकाळी सात, दुपारी एक आणि दिवेलागणीला, असे दिवसातून तीनदा ते लागायचे.

एक मिनिट म्हणजे एक मिनिट. साठावा सेकंद संपला की यंत्रावरचे दादा खटका खाली ओढायचे आणि मोठ्या केंद्राच्या बातम्या सुरू व्हायच्या. त्या वेळी कोणाच्या तोंडात अर्धा शब्द असला तरी तो तिथंच तुटायचा. म्हणून दादांचं नावच खटकादादा पडलं होतं. माणूस अबोल, पण त्यांचा हात आणि माझा काटा यांच्यात कधी वाद झाला नाही.

लिहिणारे मात्र साठ सेकंदांत कधी मावायचे नाहीत. शेतकी अधिकारी प्रत्येक संदेशाची सुरुवात माती ही आपली आई आहे इथून करायचे. बाई पेन्सिल घेऊन बसायच्या, मला सुरू करायच्या, मोठ्याने वाचायच्या, थांबवायच्या. मग आई जायची, विशेषणं जायची, उपदेश जायचा. ते ऐकवेना म्हणून अधिकारी कान झाकून घ्यायचे. पण उरायचं ते इतकं नेमकं असायचं, की ऐकणाऱ्याला कागद लागत नसे. ऐकलं की पाठ. साहेब म्हणायचे, आपल्या बाईंची पेन्सिल म्हणजे धारदार सुरी आहे. त्यात माझंही कौतुक आहे असं मी धरून चालायचो.

बाईंचा शब्द गावोगाव चालायचा. बाई म्हणाल्या म्हणजे झालं, असं लोक म्हणत. सर्वांत जास्त म्हणायची ती बाईंची थोरली बहीण. तिला आपण ताईच म्हणू. टेकड्यांच्या पायथ्याशी एका खेड्यात तिचं घर होतं. तिने रेडिओ खिडकीत ठेवला होता, तोंड बाहेर करून, म्हणजे शेजारणींनाही ऐकू जावं. 'माझी धाकटी बोलतेय' असं म्हणून ती सगळ्यांना गप्प करायची. वर्षातून दोनदा ती अंडी घेऊन केंद्रावर यायची आणि तिच्यासोबत तिची नऊ वर्षांची लेक असायची. त्या लेकीला सगळे बातमी म्हणत, कारण कोणाच्या घरात काय चाललंय हे साऱ्या गावाला तिच्याकडून कळायचं. बातमीला मावशीचे सगळे संदेश पाठ होते. ती ते मावशीच्याच आवाजात म्हणून दाखवायची, पार शेवटच्या खात्याच्या नावापर्यंत. मला हातात घेऊन वेळही लावायची. दोन-तीन सेकंद कमीच भरायचे, कारण तिला घाई फार.

त्या वर्षी पिकाने दगा दिला होता. घरोघरी धान्य तळाला गेलं. नर्सबाईंनी संदेश लिहिला, की धान्य कमी असेल तर आधी मुलांना पोटभर द्या, मोठ्यांनी मागून जेवा. तोही बाईंनी वाचला, आणि गावांनी तोही पाळला. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ते विसरता आलेलं नाही.

मग खात्याकडून पेरणीसाठी गव्हाच्या गोण्या आल्या. आल्या त्या पेरणी उरकल्यावर महिनाभराने. कीड लागू नये म्हणून दाण्याला विषारी औषध चोळलं होतं आणि ओळखू यावं म्हणून लाल रंग दिला होता. गोणीवर छापलेलं वाचता येणारे थोडे. पेरायची वेळ गेलेली, घरात पीठ नाही, आणि कोपऱ्यात धान्याने भरलेली गोणी. ताबडतोब संदेश द्या, असा वरून निरोप आला.

शेतकी अधिकाऱ्यांनी संदेश लिहिला. नर्सबाईंनी तो वाचून समासात पेन्सिलीने एक वाक्य वाढवलं: 'रंग धुतला तरी विष जात नाही, ते दाण्यात मुरलेलं असतं.' आणि त्या लसीकरणाच्या फेरीवर निघून गेल्या.

बाईंनी मला सुरू केलं. लाल बियाणं पेरण्यासाठीच आहे, त्याला विषारी औषध लावलंय, लाल बियाणं खाऊ नका, जनावरांना घालू नका, हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांपासून दूर ठेवा. मग नर्सबाईंचं वाक्य. आणि शेवटी, हा संदेश आपल्या हितासाठी शेतकी खात्याच्या बियाणे विभागाकडून प्रसारित करण्यात आला. मी थांबलो तो चौसष्टावर.

चार सेकंद जास्त. पुन्हा वाचलं, भरभर वाचलं, तरी तेवढेच. बाईंनी साहेबांना विचारलं, शेवटचं खात्याचं नाव काढू का? साहेबांनी कपाळाला हात लावला. सगळं काढा, ते नाव काढू नका, असं त्यांनी बजावलं. मग बाईंची पेन्सिल समासाकडे वळली.

"खाऊ नका असं सांगितलंच आहे," त्या खटकादादांना म्हणाल्या. "विष आहे म्हटल्यावर धुऊन कोण खाणार?"

त्यांनी ते वाक्य खोडलं. पुन्हा वाचलं. मी बरोब्बर साठावर थांबलो. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. चूक एका सेकंदाची नाही, अर्ध्याचीही नाही. तो आनंद आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

ती टेप दहा दिवस लागली, दिवसातून तीनदा. मग आम्ही खुराच्या रोगाकडे वळलो, मग विहिरीच्या पाण्याकडे. दीड महिना असाच गेला. एका सकाळी नर्सबाईंची चिठ्ठी आली, की हातातलं काम टाकून दवाखान्यात या.

लांबलचक वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा होत्या, आणि खाटा पुरल्या नव्हत्या म्हणून जमिनीवर सतरंज्या. माणसं ओरडत नव्हती, कण्हतही नव्हती. भिंतीला धरून चालायला बघत होती आणि पडत होती. कोणाला समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. कोणाच्या ओठांना, बोटांना स्पर्श कळत नव्हता. तिसऱ्या खाटेवर बातमी होती. उशाशी ताई बसली होती. ताईचे हातही थरथरत होते, पण तिने ते पदराखाली झाकले होते.

डॉक्टर दोन रात्री झोपले नसावेत. ते ताईवर तडकले. लाल बी खायचं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. ताईने काही बोलायच्या आतच खाटेवरून आवाज आला. जीभ जड, शब्द एकमेकांत मिसळलेले, पण चाल मावशीची. लाल बियाणं पेरण्यासाठीच आहे. लाल बियाणं खाऊ नका. बातमी सगळा संदेश म्हणत होती, एक शब्द न गाळता, खात्याच्या नावापर्यंत. संपल्यावर दमून तिने डोळे मिटले.

"आम्ही लाल कुठं खाल्लं?" ताई म्हणाली. "सात पाण्यांनी धुतलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, वाळवलं, मग दळलं. त्याआधी चार दिवस कोंबड्यांना घालून बघितलं. एक कोंबडी मेली नाही." मग ती बहिणीकडे वळली. "आधी पोरीला वाढलं, मग आम्ही खाल्लं. तू सांगितलंस तसंच सगळं केलं गं."

बाई खाटेची कड धरून उभ्या होत्या.  त्यांनी विचारलं, की गावात अजून किती घरं धुऊन खातात. ताई म्हणाली, सगळीच. धुवायचं कसं हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. पलीकडच्या गावातल्या बायकाही बघून गेल्या होत्या. गोण्या अजून अर्ध्या शिल्लक होत्या.

डॉक्टर हळू आवाजात नर्सबाईंना सांगत होते, की हे विष अंगात साठत जातं, लगेच कळत नाही, आणि कळतं तेव्हा उपाय नसतो. म्हणजे गावागावांत आज जी माणसं धडधाकट दिसत होती, ती आजही तेच पीठ मळत होती. बाई तिथून जवळजवळ पळतच केंद्रावर आल्या. मी छातीवर आपटत होतो.

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. भित्रे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पाण्याचा घोट घेतला आणि कागद पुढे ओढला. मोठ्या केंद्राला लिहितो म्हणाले, परवानगी आली की लगेच संदेश लावू. परवानगीला किती दिवस, असं बाईंनी विचारलं. आठ-दहा दिवस, साहेब म्हणाले. बाईंनी वॉर्डातल्या सतरंज्यांचं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला, पण हात फायलीवरून हलला नाही.

"खात्याचं बियाणं विषारी आहे, असं आपण परवानगीशिवाय कसं सांगायचं?"

"ते आपण सांगून बसलोय," बाई म्हणाल्या. "अर्धं."

एक वाजायला थोडाच वेळ होता. त्या दिवशी खतखड्ड्याचा संदेश लागायचा होता, त्याची टेप यंत्रावर चढवून ठेवलेली होती. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि मायक्रोफोनसमोर बसल्या. हातात कागद नव्हता. काचेपलीकडून खटकादादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेपेकडे पाहिलं, आणि टेप काढून बाजूला ठेवली. जाऊन त्यांनी बाहेरच्या खोलीकडचं दार लावलं आणि कडी घातली. मग आपल्या जागेवर येऊन खटक्यावर हात ठेवला. लाल दिवा लागला. बाईंनी माझं बटण दाबलं.

"रंग धुतला तरी विष जात नाही, ते दाण्यात मुरलेलं असतं."

चार सेकंद. एक सेकंद श्वास. मग पुन्हा तेच वाक्य, त्याच चालीत. मग पुन्हा. ना नमस्कार, ना खात्याचं नाव. चौथ्या वेळी साहेबांनी दार वाजवलं, पण रजयांमुळे मायक्रोफोनला ते कळलं नाही. आठव्या वेळी 'विष' या शब्दावर बाईंचा आवाज फाटला आणि श्वासाला दोन सेकंद लागले. नवव्या वेळी त्यांनी तो सेकंद भरून काढला. एकूण बारा वेळा. साठावा सेकंद संपला, खटकादादांनी खटका ओढला, बातम्या लागल्या. इतक्या वर्षांत आमचा इतका नेमका संदेश दुसरा झाला नव्हता.

गावांत काय झालं ते नर्सबाईंकडून कळलं. पहिल्या दोन-तीन वेळेला लोकांना वाटलं रेडिओ बिघडला. मग चुलीपुढच्या बायकांचे हात पिठातच थांबले. अनेकांनी त्याच दुपारी गोण्या खड्ड्यात पुरल्या. सगळ्यांनी नाही. टेकडीमागच्या काही घरांत रेडिओच नव्हता, काहींना ऐकूनही पटलं नाही, आणि काहींकडे दुसरं खायला काही नव्हतं. सगळं निभावलं असं मी म्हणणार नाही. वॉर्डातल्या सतरंज्या पुढे कितीतरी दिवस निघाल्या नाहीत.

बातमीचं बोलणं आधी थांबलं, मग तिला दिसेनासं झालं. बाई रोज कामावरून तिच्याकडे जायच्या आणि ताईच्या शेजारी बसायच्या. अकराव्या दिवशी दुपारी नर्सबाईंनी बाईंच्या गळ्यातून मला काढून घेतलं. त्यांचं घड्याळ बंद पडलं होतं. त्यांनी पोरीच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मला सुरू केलं. माझा काटा एक फेरी फिरला. नर्सबाईंनी मला थांबवलं नाही. दुसरी फेरीही झाली. मोजायला काही नव्हतं. इतकी वर्षं मोजत आलो, पण इतकी लांब दोन मिनिटं मी पुन्हा पाहिली नाहीत.

संध्याकाळी दोघी बहिणी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या दिवशीचे ते बारा वेळा म्हटलेले शब्द ताईने वॉर्डातल्या रेडिओवर ऐकले होते. तोवर ती त्याविषयी बोलली नव्हती.

"ते वाक्य तुला आधी माहीत होतं?" तिने विचारलं.

बाईंना खोटं बोलता आलं असतं. नव्हतं माहीत, नंतर कळलं, असं म्हटलं असतं तर कोणी पुरावा मागणार नव्हतं. बहीण तरी राहिली असती.

"कागदावर होतं," बाई म्हणाल्या. "मी खोडलं. चार सेकंद जास्त होत होते."

 ताई माझ्याकडे बघत होती. "चार सेकंद म्हणजे किती?"

बाईंनी मला तळहातावर घेतलं आणि दोघींच्या मध्ये धरून बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. बाईंनी मला थांबवलं.

"एवढेच?" ताई म्हणाली.

ती उठली, पायऱ्या उतरली आणि भिंतीचा आधार घेत घेत लेकीला न्यायला मागच्या दाराकडे गेली. बाई तिच्यामागे दोन पावलं गेल्या. ताईने मागे न बघता फक्त हात वर केला, येऊ नको म्हणून. मग बाई तिथंच उभ्या राहिल्या.

मोठ्या केंद्राचं पत्र पुढे यथावकाश आलं. सदर वाक्य प्रसारित करण्यास हरकत नाही, मात्र खात्याच्या नावासह एकूण कालावधी साठ सेकंदांपेक्षा जास्त नसावा, असं त्यात होतं. खटकादादांनी ते पत्र वाचलं आणि जन्मात पहिल्यांदा शिवी दिली. बाईंना मायक्रोफोनवरून काढून कपाटातल्या जुन्या टेपा नीट लावून ठेवायच्या कामावर बसवलं. त्यांनी तक्रार केली नाही. मला त्यांनी गळ्यातून उतरवून टेबलाच्या खणात ठेवलं, शिक्के आणि वाळलेल्या शाईच्या बाटल्यांजवळ. पुढे विजेवर चालणारं, आकडे दाखवणारं यंत्र आलं. खण जोरात लावला जायचा, त्यातच कधीतरी माझ्या काचेला तडा गेला. किल्ली द्यायला कोणी येत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी घड्याळं आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला तेल द्या. मी तसं म्हणणार नाही. मी नेमका होतो, आणि नेमकेपणाने कोणाचं भलं होतंच असं नाही, एवढं मला कळलं. तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी तुम्हाला सांगेल, थोडक्यात लिहा, जागा कमी आहे, वेळ कमी आहे. तेव्हा जरूर काटा, शोभेचं काटा, मोठमोठी नावं काटा. पण एखादं वाक्य तुम्हाला उगाचच वाढवलेलं वाटलं, तर ते ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्या स्वयंपाकघरात मनाने एकदा जाऊन या. तिथं गोणी आहे का, पोर भुकेलं आहे का, ते बघा. मग पेन्सिल उचला. त्याला वेळ लागेल. लागू द्या, मी मोजणार नाही.